गळवाचा जंतू औषधांना पुरून उरला : मुलं आणि एमआरएसए यांची पार्श्वभूमी

मुलाच्या मांडीवर गळू उठलं की आपल्याकडे पहिला बोल आंब्याला लागतो. उष्णता झाली, फणस जास्त खाल्ला, पाणी कमी प्यायला. खरा धनी बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू असतो आणि त्याला आंब्याशी काही देणंघेणं नसतं. दर दहा निरोगी माणसांपैकी साधारण तिघांच्या नाकात तो बिनबोभाट मुक्काम करून असतो. कातडीला खरचटलं, डास चावून नखाने ओरबाडलं की आत शिरतो. बहुतेकदा गळू फुटतं, पू वाहून जातो आणि विषय संपतो. पण कधी तो रक्तात, हाडात किंवा फुप्फुसात उतरतो आणि नेहमीचं औषध लागू पडत नाही. मेथिसिलिन या औषधाला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसला, थोडक्यात स्टॅफला, एमआरएसए म्हणतात. तो या थराला कसा पोचला याची हकीकत मोठ्या प्रमाणात तान्ह्या बाळांच्या वॉर्डांत घडली आहे, आणि आज डॉक्टर ज्या सूचना देतात त्यांतल्या बऱ्याचशा तिथूनच आल्या आहेत.

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन यांनी 1880 च्या सुमारास गळवांतल्या पुवात हा जंतू पाहिला. पेनिसिलिन माणसांवर वापरायची वेळ आली ती 1941 साली, ऑक्सफर्डमध्ये. पहिल्या रुग्णाच्या वेळी औषध संपलं आणि तो दगावला. त्यानंतर तिथल्या चमूने मुद्दाम लहान मुलं निवडली, कारण त्यांना डोस कमी पुरतो. म्हणजे या औषधाच्या पहिल्या काही रुग्णांत मुलं होती. पण 1942 सालीच अमेरिकेत चार्ल्स रॅमेलकँप यांनी पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफची नोंद केली. औषध अजून दुकानात पोचलंही नव्हतं.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांनी हे प्रमाण वर्षावर्षाने मोजलं. 1946 मध्ये तिथल्या स्टॅफपैकी 14 टक्के पेनिसिलिनला दाद देत नव्हते, पुढच्या वर्षी 38 टक्के आणि 1948 मध्ये 59 टक्के. कारणही त्यांनी नेमकं हेरलं. रुग्णाच्या अंगातले जंतू औषध पचवायला शिकत होते असं नव्हे. पेनिसिलिन निकामी करणारे जंतू आधीपासूनच होते आणि ते रुग्णालयात एकाकडून दुसऱ्याकडे पसरत होते. पुढे त्याच रुग्णालयात अँटिबायोटिकच्या वापरावर बंधनं घातल्यावर ते प्रमाण खालीही आलं. हा दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही. मला तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

दरम्यान पाश्चात्त्य देशांत बाळंतपणं घरातून रुग्णालयात गेली होती. बाळ जन्मलं की आईपासून उचलून नर्सरीत न्यायचं, तिथे ओळीने मांडलेल्या पाळण्यांत ठेवायचं आणि ठरल्या वेळी पाजायला आणायचं, अशी पद्धत होती. एकच परिचारिका दहा-बारा बाळांचे लंगोट बदलणार. जंतूला याहून सोयीची मांडणी सापडली नसती. 1953 च्या सुमारास सिडनीतल्या नर्सरींमध्ये बाळांच्या अंगावर पुवाचे फोड येऊ लागले, काहींना न्यूमोनिया झाला, आणि घरी गेलेल्या आयांच्या स्तनात गळवं झाली. जंतुशास्त्रज्ञ फिलिस राउंट्री यांनी यामागचा वाण ओळखला. तो पुढे 80/81 या नावाने जगभर कुप्रसिद्ध झाला आणि पेनिसिलिन त्याच्यापुढे चालत नव्हतं. या साथींशी झुंजलेल्या तिथल्या बालरोगतज्ज्ञ क्लेअर इस्बिस्टर यांनी बाळ आईपाशीच ठेवा असा आग्रह धरला. आपल्याकडच्या बाळंतिणीच्या खोलीत बाळ आईच्या कुशीतच असे. म्हणून तिथे सगळं ठीक चालत होतं असा अर्थ मात्र नाही. बेंबीला राख, तेल, हळद लावून आपण वेगळ्या जंतूंना वाट करून देत होतो.

न्यूयॉर्कमधल्या हेन्री शाइनफील्ड यांच्या चमूला एका नर्सरीत चमत्कारिक गोष्ट दिसली. तिथल्या एका परिचारिकेच्या नाकात 80/81 होता. तिने जन्मल्यावर पहिल्या दिवसातच हाताळलेल्या बाळांपैकी काहींना तो चिकटला. ज्यांच्या अंगावर तोवर दुसऱ्या साध्या स्टॅफने बस्तान बसवलं होतं, ती बाळं वाचली. आधी बसलेला दुसऱ्याला जागा देत नव्हता. मग त्यांनी 502ए नावाचा मवाळ वाण निवडला आणि कापसाच्या बोळ्याने तो मुद्दाम नवजात बाळांच्या नाकपुड्यांत आणि नाळेच्या देठावर लावला. अमेरिकेतल्या अनेक नर्सरींमधल्या साथी यामुळे आटोक्यात आल्या. हे धाडस आज कोणती नैतिकता समिती मान्य करेल, देव जाणे. 1972 मध्ये त्याच मवाळ वाणाने एका बाळाचा जीव गेल्याचं प्रसिद्ध झालं आणि तो मार्ग सोडून देण्यात आला.

दुसरा मार्ग हेक्साक्लोरोफीनचा. या जंतुनाशकाने नर्सरीतल्या बाळांना रोज अंघोळ घातली जाई, आणि स्टॅफ खरोखर कमी होत असे. पण ते नाजूक कातडीतून शोषलं जाऊन मेंदूपर्यंत पोचतं, हे कळायला वेळ लागला. 1972 साली फ्रान्समध्ये एका बेबी पावडरमध्ये चुकून ते भलत्याच प्रमाणात मिसळलं गेलं आणि 36 मुलं दगावली. त्याच वर्षी अमेरिकेत त्याच्या वापरावर निर्बंध आले. बाळाला घरच्या घरी डेटॉलसारख्या जंतुनाशकाच्या पाण्याने अंघोळ घालणाऱ्यांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी.

टिकून राहिला तो तिसरा, सगळ्यात नीरस मार्ग. क्लीव्हलँडच्या एका नर्सरीत, स्टॅफ असलेल्या बाळाला हाताळून हात न धुता पुढच्या बाळाकडे जाणाऱ्या परिचारिका आणि मधे हात धुणाऱ्या परिचारिका अशी तुलना झाली. हात न धुणारीच्या हाताखालच्या बाळांना जंतू जास्त प्रमाणात आणि जास्त लवकर चिकटला. तो अहवाल 1962 चा. त्याच्या लेखकांत पुन्हा रॅमेलकँप यांचं नाव आहे. वीस वर्षांपूर्वी पेनिसिलिनला न जुमानणारा स्टॅफ नोंदवणारे तेच हे. आज असा प्रयोग करायला कोणी धजणार नाही.

मेथिसिलिन हे पेनिसिलिनचं सुधारित रूप 1959-60 मध्ये आलं आणि स्टॅफचा प्रश्न मिटला असं वाटलं. लंडनच्या कोलिंडेल प्रयोगशाळेत पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी पाच हजारांवर नमुने तपासले, तेव्हा तीन या औषधाला दाद देत नव्हते. हे 1961 साली छापून आलं. जुन्या साठवलेल्या नमुन्यांचा जनुकीय अभ्यास 2017 मध्ये झाला, तेव्हा कळलं की ही प्रतिकारशक्ती 1940 च्या दशकातच, म्हणजे मेथिसिलिन जन्मण्याआधी, जंतूत आली होती. पेनिसिलिनच्या वारेमाप वापराने तिला खतपाणी घातलं होतं.

पुढची तीसेक वर्षं एमआरएसए हा रुग्णालयाचा रोग समजला गेला. नव्वदच्या दशकात तो समज मुलांनीच खोटा पाडला. शिकागोतल्या एका मुलांच्या रुग्णालयात, ज्यांचा आधी दवाखान्याशी काहीच संबंध नव्हता अशा मुलांमध्ये एमआरएसए घेऊन भरती होण्याचं प्रमाण 1988-90 मध्ये दर लाख भरतींमागे 10 होतं. 1993-95 मध्ये ते 259 झालं. मग 1997 ते 1999 या काळात मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या राज्यांत चार धडधाकट मुलं एमआरएसएने दगावली. सगळ्यात लहान एक वर्षाचं, सगळ्यात मोठी मुलगी तेरा वर्षांची. चौघांनाही सुरुवातीला सेफॅलोस्पोरिन गटातलं औषध मिळालं होतं, आणि एमआरएसएवर ते चालत नाही. डॉक्टरांनी हयगय केली असं म्हणता येत नाही. तेव्हाच्या पुस्तकाप्रमाणेच ते उपचार होते. दवाखान्याबाहेरच्या मुलात एमआरएसए असेल ही शंकाच कोणाला येत नसे. शाळा, कुस्तीच्या मॅट, सामायिक टॉवेल, दाटीवाटीची घरं यांकडे त्यानंतर लक्ष गेलं.

आपल्याकडचं चित्र थोडं वेगळं आहे. 2008-09 मध्ये देशभरातल्या 15 मोठ्या केंद्रांतले स्टॅफ तपासले, तेव्हा सुमारे 41 टक्के एमआरएसए निघाले. मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या 2010 मधल्या अभ्यासात जुन्या वाणाची जागा एसटी 22 आणि एसटी 772 हे दोन नवे वाण घेताना दिसले. यांतला दुसरा ‘बेंगाल बे’ वाण भारतीय उपखंडातलाच, समाजात पसरणारा, आणि तरीही एकाच वेळी अनेक औषधांना न जुमानणारा. त्याच वेळी हेही खरं की आपल्या नवजात बाळांच्या रक्तातला मुख्य शत्रू स्टॅफ नाही. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांच्या 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ॲसिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला हे दुसरे जंतू पुढे होते. स्टॅफ ऑरियसचा वाटा 12 टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातले 38 टक्के मेथिसिलिनला दाद न देणारे. लशीची आशा अजून फळाला आलेली नाही. मोठ्यांवरच्या दोन चाचण्या, 2005 आणि 2011 मध्ये, फसल्या.

घराकडे लक्ष वळलं ते अलीकडे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या 2020 च्या चाचणीत अतिदक्षता विभागातल्या बाळांच्या स्टॅफ असलेल्या आईवडिलांना मलम नाकात लावायला आणि क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचे रुमाल अंगाला पुसायला दिले. आईवडिलांचाच वाण बाळाला चिकटण्याचं प्रमाण जवळपास 29 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आलं. इस्बिस्टर यांच्या आग्रहाला याने बाध येत नाही, पण बाळाला आईपाशी ठेवलं की झालं असंही म्हणता येत नाही. सारखी गळवं होणाऱ्या मुलांच्या बाबतीतही एकट्या मुलाऐवजी घरातल्या सगळ्यांवर एकदम उपाय केला तर पुन्हा गळू होण्याचं प्रमाण कमी राहतं, असं आढळलं आहे.

तेव्हा मुलाचं गळू डॉक्टरांनी चिरलं की पू तपासायला पाठवणार का, हे तिथेच विचारावं. अँटिबायोटिक सुरू झाल्यावर नमुना घेतला तर जंतू हाती लागेलच असं नाही. रिपोर्टमध्ये एमआरएसए आला आणि क्लिंडामायसिन द्यायचं ठरलं, तर डी-टेस्ट झाली का तेही पाहावं. त्यात जंतूंच्या थाळीवर एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिनच्या चकत्या शेजारी शेजारी ठेवतात. क्लिंडामायसिनभोवतीचं मोकळं वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटं होऊन इंग्रजी डी सारखं दिसलं, तर रिपोर्टवर लागू पडतं असं छापलेलं असलं तरी उपचाराच्या मधेच ते औषध निकामी होऊ शकतं.