घरगुती वीजजोडणीतील वारंवार ट्रिपिंग

वरवर कोणताही बिघाड दिसत नसताना घरातला एमसीबी (जास्त करंट गेला की वीज तोडणारा स्विच) किंवा ईएलसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पुन्हा पुन्हा पडणे, म्हणजे आपोआप बंद होणे, याला वारंवार किंवा अकारण ट्रिपिंग म्हणतात. प्रत्यक्षात ते अकारण फार क्वचित असते. कारण नजरेआड असते इतकेच. मुंबईत वीजपुरवठा भागानुसार बेस्ट, अदानी, टाटा पॉवर किंवा महावितरणचा असला, तरी मीटरच्या पुढची वायरिंग घरमालकाचीच असते. त्यामुळे हा शोध घरातच घ्यावा लागतो.

आधी नेमके काय पडले ते पाहावे. एमसीबी जास्त करंटवर पडतो. त्यातली द्विधातू पट्टी ओव्हरलोडने तापून वाकते, तर शॉर्टसर्किट झाल्यास चुंबकीय कॉइल क्षणात काम करते. बी वर्गाची कॉइल ठरलेल्या करंटच्या ३ ते ५ पटींवर आणि सी वर्गाची ५ ते १० पटींवर उघडते. म्हणून एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना बी वर्गाचा एमसीबी पडतो आणि त्याच जागी सी वर्गाचा टिकतो. ढिल्या स्क्रूमुळे टर्मिनल तापले तर ती उष्णताही पट्टीपर्यंत पोचते आणि लोड कमी असूनही एमसीबी पडतो. एमसीबीची दुखणी एवढ्यात आटोपतात.

ईएलसीबीचे तसे नाही. आज या नावाने बसवला जातो तो बहुधा आरसीसीबी असतो. फेजमधून (वीज आणणाऱ्या वायरीतून) गेलेला करंट न्यूट्रलमधून (परतीच्या वायरीतून) तितकाच परत आला का, एवढाच हिशेब तो ठेवतो. घरगुती वापरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी घेतात, पण तो १५ मिलीअँपिअर गळतीच्या पुढे कधीही पडू शकतो आणि मानकानुसार त्यात दोष धरला जात नाही. संगणक, इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन यांच्या फिल्टरमधून थोडा करंट कायम अर्थकडे (जमिनीशी जोडलेल्या सुरक्षा-वायरीकडे) झिरपतो. ही नेहमीची गळती ९ मिलीअँपिअरच्या आत असावी, असा संकेत आहे. अख्ख्या घराला एकच आरसीसीबी असेल तर अशा चार-पाच उपकरणांनी मर्यादा जवळ येते. मग शेवटी जे लावले त्यावर दोष येतो, भले ते धडधाकट असो.

पावसाळ्यात यात ओलीची भर पडते. बाहेरच्या भिंतीतला बोर्ड, बाल्कनीतला दिवा, बाथरूमच्या माळ्यावरचा जोड ही नेहमीची ठिकाणे. गिझरच्या एलिमेंटमध्ये तांब्याच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी भरलेली असते आणि ती ओल शोषते. उन्हाळाभर बंद राहिलेला गिझर पहिल्या पावसात लावला की आरसीसीबी पडतो, तो यामुळे. ओल एवढेच कारण असेल तर एलिमेंट तापून वाळल्यावर गळती कमी होते. नळीला चीर गेली असेल तर मात्र एलिमेंट बदलण्यावाचून इलाज नाही.

सगळ्यात जास्त चकवतो तो न्यूट्रल आणि अर्थ यांचा आपसांतला स्पर्श. फोटोसाठी ठोकलेला खिळा किंवा लोखंडी बॉक्सच्या स्क्रूखाली चिमटलेली वायर एवढे त्याला पुरते. मग न्यूट्रलच्या परतीच्या करंटचा काही भाग अर्थमधून जाऊ लागतो. लोड कमी तर तो भागही कमी, म्हणून काही घडत नाही. इस्त्री लावली की आरसीसीबी पडतो, आणि दोष हॉलच्या भिंतीत असताना दुरुस्तीला जाते इस्त्री. बहुतेक घरांतले एमसीबी एकपोली असतात. ते फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलेच राहते. बोर्डावरचे बटणही तेवढेच करते. शेजाऱ्यांच्या लोडमुळे इमारतीच्या न्यूट्रलवर अर्थच्या तुलनेत थोडे व्होल्ट असतात. त्यामुळे सगळे बंद करून झोपलेल्या घरातही रात्री आरसीसीबी पडू शकतो.

म्हणून घरच्यांनी तपासताना बटण बंद करून थांबू नये, प्रत्येक प्लग उपसून काढावा. मग एकेक लावत जावे. सगळे काढून, एमसीबी खाली करूनही आरसीसीबी टिकत नसेल तर पुढचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचे आहे. तो पुरवठा तोडून आरसीसीबीच्या आउटगोइंग वायरी सोडवतो. मग पुरवठा परत दिल्यावरही पडला तर आरसीसीबीच खराब. टिकला तर पुन्हा पुरवठा तोडून न्यूट्रल लिंकवरून (सगळ्या न्यूट्रल वायरी जिथे जोडतात त्या पट्टीवरून) एकेक सर्किटची न्यूट्रल वायर सुटी करून ५०० व्होल्ट डीसीच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्राने) ती अर्थशी तपासतो. वायरिंग निरोगी असेल तर निदान १ मेगाओहम दिसायला हवा. मेगर लावण्याआधी टीव्ही, राउटर, एलईडी ड्रायव्हर सोडवलेले असावेत, नाहीतर ते जळू शकतात.

दोन फ्लॅट एकत्र केलेल्या घरांत आणखी एक खोड निघते. मधली भिंत पाडताना एखाद्या दिव्याला फेज एका डीबीतून (एमसीबी, आरसीसीबी बसवलेल्या पेटीतून) आणि न्यूट्रल दुसऱ्यातून मिळते. २० वॉटचा दिवाही साधारण ९० मिलीअँपिअर घेतो, आणि तो सगळाच्या सगळा दोन्ही आरसीसीबींना गळती म्हणून दिसतो. दिवा लावताच दोन्ही पडतात. इथे ओल नाही, उपकरणही खराब नाही; चुकीच्या लिंकवर गेलेली न्यूट्रल शोधून आपल्या डीबीत आणली की प्रश्न मिटतो.

कंटाळून आरसीसीबी काढून लाइन ‘डायरेक्ट’ करून घेणारी घरे आहेत. हे कुणीही करू नये. ओल्या हाताने गिझर किंवा वॉशिंग मशीनला हात लागतो त्या घरात जीव वाचवणारे साधन तेच आहे. ३० ऐवजी १०० मिलीअँपिअरचा बसवणे हाही उपाय नव्हे. माणसाच्या बचावासाठी तो आकडा फार मोठा आहे. गळती उपकरणांच्या बेरजेची असेल तर गिझर, एसी आणि स्वयंपाकघर यांना वेगवेगळे आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी यांचे काम एकत्र करणारे स्विच) द्यावेत. डीबीत जागा जास्त लागते आणि खर्चही वाढतो, पण पुढच्या वेळी जे सर्किट पडेल त्यातच शोध घ्यायचा, हे आधीच कळते.