बदली खेळाडूचा डावा हात

बॉक्सर जो फ्रेझरचं नाव निघालं की गाडी थेट मुहम्मद अलीवर जाते. १९७१ ची न्यूयॉर्कमधली लढत, १९७५ ची मनिला, आणि विषय संपतो. पण फ्रेझर घडला तो अलीशी गाठ पडण्याआधी. त्या वर्षांत त्याच्या वाटेत पुन्हापुन्हा आडवा आलेला माणूस अली नव्हता, बस्टर मॅथिस हा दुसराच हेवीवेट बॉक्सर होता.

फ्रेझरचा जन्म १२ जानेवारी १९४४ चा, साउथ कॅरोलायनातल्या ब्यूफर्टजवळचा. मोठं खटलं असलेलं कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंब. पोराची अंगकाठी पाहून एक काका म्हणाले, हा दुसरा जो लुईस (जगज्जेता हेवीवेट बॉक्सर) होणार. पोराने ते मनावर घेतलं. गोणपाटात चिंध्या, दाणे काढलेली कणसं आणि मधोमध एक वीट भरून ते झाडाला टांगलं आणि रोज बडवायला सुरुवात केली. डाव्या हाताची गोष्टही याच काळातली. घरच्या डुकराला त्याने डिवचलं, ते मागे लागलं, पळताना पोरगा पडला आणि हात आपटला. डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते. हात आपसूक बरा झाला, पण वाकडाच राहिला. पुढे तो कधी पूर्ण सरळ झाला नाही. हूक, म्हणजे बाजूने वळवून मारायचा ठोसा, त्याला कोपरात वाकलेलाच हात लागतो, हा निव्वळ योगायोग.

पंधराव्या वर्षी तो उत्तरेकडे निघाला. आधी न्यूयॉर्क, मग फिलाडेल्फिया. तिथे कत्तलखान्यात काम मिळालं. थंड खोलीत टांगलेल्या धडांवर तो ठोसे मारायचा. पुढे हे दृश्य एका हॉलिवूडपटामुळे जगभर पोचलं, पण फ्रेझरच्या नावावर नव्हे. पोलिसांनी मुलांसाठी चालवलेल्या व्यायामशाळेत तो पहिल्यांदा गेला तो वजन उतरवायला. तिथे त्याला यँक डरहॅम हा प्रशिक्षक भेटला.

हौशी बॉक्सिंगचा हिशेब वेगळा असतो. तेव्हा तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या असत. फ्रेझर उशिरा पेटणारा. पुढे घुसत, पोटात-बरगड्यांत मारत समोरच्याला थकवणारा. अशा माणसाला नऊ मिनिटं म्हणजे काहीच नाही. १९६४ च्या ऑलिंपिक निवड चाचणीत हेच घडलं. समोर जवळपास तीनशे पौंडांचा मॅथिस, आणि तरी पायांनी चपळ. मॅथिसने पँट इतकी वर चढवली होती की पोटातले रास्त ठोसेही पंचाला कमरेखालचे वाटले आणि गुण कापले गेले, हे फ्रेझरचं गाऱ्हाणं. निकाल मॅथिसच्या बाजूने लागला. त्याच्याकडून फ्रेझर आधीही हरला होता.

मग मॅथिसचा हात दुखावला आणि टोकियोला फ्रेझर गेला, बदली म्हणून.

तिथे ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅथॉल मॅक्वीनने त्याला खाली पाडलं. तो उठला आणि तिसऱ्या फेरीत लढत संपवली. उपांत्य फेरीत सोव्हिएत संघाचा येमेल्यानोव होता. फ्रेझरच्या ठोशांपुढे त्याच्या कॉर्नरमधल्या साथीदारांनी टॉवेल टाकला, म्हणजे हार मानली, पण तोवर फ्रेझरच्या डाव्या हाताचा अंगठा मोडला होता. डॉक्टरांना कळलं तर अंतिम लढत गेली, म्हणून तो गप्प राहिला. जर्मनीच्या हान्स ह्युबरशी तो मुख्यतः उजव्या हातावर लढला आणि पाच परीक्षकांनी ३-२ असा कौल दिला. टोकियोत अमेरिकेला बॉक्सिंगमध्ये मिळालेलं एवढं एकच सुवर्ण.

पदकाने चूल पेटत नाही. मोडलेल्या हाताने कत्तलखान्यातलं कामही होईना. ऑगस्ट १९६५ मध्ये तो व्यावसायिक झाला आणि वुडी गॉसला पहिल्याच फेरीत आडवं केलं. त्याच वर्षाअखेर फिलाडेल्फियातल्या काही पैसेवाल्यांनी त्याच्यावर पैसे लावायला ‘क्लोव्हरले’ ही कंपनी काढली, अडीचशे डॉलरचा एक समभाग. माणसावर समभाग काढणं कानाला खटकतं. पण जेवणखाण, सराव, चांगले सोबती यांची चिंता मिटली ती या पैशामुळे.

१९६६ मध्ये एडी फच हा प्रशिक्षक मदतीला आला. त्याने फ्रेझरला कमरेतून झुकत, डोकं सतत हलतं ठेवत पुढे सरकायला लावलं. सहा फुटांहून थोडी कमी उंची, हेवीवेटसाठी कमीच. उभं राहून लढला असता तर जॅब, म्हणजे लांबून मारलेले सरळ ठोसे, खातच बसला असता. तरी त्याच वर्षी अर्जेंटिनाच्या बोनावेनाने त्याला एकाच फेरीत दोनदा पाडलं. दहा फेऱ्यांनंतर तो निसटता जिंकला. तीन फेऱ्यांचा खेळ असता तर तिथेच संपला असता.

१९६७ मध्ये सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे अलीचं जगज्जेतेपद काढून घेतलं गेलं. नवा विजेता ठरवण्यासाठी ‘डब्ल्यूबीए’ या बॉक्सिंग संघटनेने भरवलेल्या स्पर्धेत फ्रेझर उतरलाच नाही. डरहॅमचा हा निर्णय माझ्या मते त्या कारकिर्दीतला सर्वांत शहाणा. ४ मार्च १९६८ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये न्यूयॉर्क राज्याची मान्यता असलेल्या जेतेपदासाठी तो लढला. समोर तोच मॅथिस, तोवर व्यावसायिक म्हणून अपराजित. सुरुवातीच्या फेऱ्यांत मॅथिस सुरेख नाचला. या वेळी मात्र फेऱ्या पंधरा होत्या. बरगड्यांवर ठोसे साचत गेले, पाय जड झाले आणि अकराव्या फेरीत डाव्या हूकने तो दोऱ्यांपाशी कोसळला.

फेब्रुवारी १९७० मध्ये ‘डब्ल्यूबीए’चा विजेता जिमी एलिस याला हरवून तो निर्विवाद जगज्जेता झाला. पुढचं सर्वांना ठाऊक आहे: मार्च १९७१ मध्ये पंधराव्या फेरीत अलीला पाडणारा हूक, १९७३ मध्ये किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने दोन फेऱ्यांत सहादा केलेली पाडापाड, आणि मनिला. मनिलात चौदाव्या फेरीनंतर फचने लढत थांबवली. फ्रेझरचा उजवा डोळा सुजून मिटला होता. डाव्या डोळ्याने आपल्याला बरीच वर्षं नीट दिसतच नव्हतं, हे त्याने नंतर सांगितलं.

७ नोव्हेंबर २०११ रोजी यकृताच्या कर्करोगाने तो गेला. फिलाडेल्फियात त्याचा पुतळा उभा राहिला तो २०१५ मध्ये. पुतळ्यासाठी निवडलेला क्षण आहे अलीला पाडणाऱ्या त्या डाव्या हूकचा.