अणुभट्टीचा विमा आणि वर्गमुळाचं वर्तुळ

परवा स्कूटरच्या विम्याचं नूतनीकरण करताना पॉलिसीतली बारीक अक्षरं पहिल्यांदाच नीट वाचली. कशाकशाची भरपाई मिळणार नाही, त्या यादीत युद्ध होतं आणि किरणोत्सारही होता. माझ्या स्कूटरमध्ये बोईसरपर्यंत जायचा दम नाही, तरी कंपनीनं तारापूरपासून हात झटकून ठेवले आहेत. घराच्या विम्यातही हेच असतं. त्यावरून एक लाडकं तर्कट निघतं : 'विमा कंपन्याच घाबरतात, म्हणजे बघा!' हेच लोक मोबाइलच्या पाठीला किरणोत्सार शोषणारं स्टिकर चिकटवून निर्धास्त फिरतात, ते सोडा. घरामोटारींच्या पॉलिसीतून ही जोखीम वगळतात, कारण ती सगळी एकाच ठिकाणी, अणुकेंद्राच्या मालकाच्या पॉलिसीत गोळा करायची असते. खरा प्रश्न पुढचा आहे. त्या पॉलिसीवर आकडा कोणता लिहायचा?

स्कूटरचं सोपं आहे. लाखो स्कूटरी आणि हजारो अपघात असले की सरासरी निघते आणि सरासरीवरून हप्ता. अणुभट्ट्या साऱ्या जगात चारशेच्या वर आणि मोठे अपघात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एवढ्यावर सरासरी काढणं म्हणजे तीन पावसाळे पाहून महापुराचं भाकीत करण्यासारखं आहे.

अमेरिकेत १९५७ साली हा पेच पहिल्यांदा नीट समोर आला. ब्रूकहेवन प्रयोगशाळेनं सर्वांत वाईट अपघाताचा अंदाज काढला तो सात अब्ज डॉलरपर्यंतच्या नुकसानीचा. विमा कंपन्यांनी एकत्र येऊन जास्तीत जास्त किती जोखीम उचलायची तयारी दाखवली? सहा कोटी. त्याच वर्षीच्या प्राइस-अँडरसन या अणुविमा कायद्यानं हे सहा कोटी पहिला थर मानले आणि वर सरकारची पन्नास कोटींची हमी ठेवली. आकडा भौतिकशास्त्रातून आला नाही, बाजाराच्या ऐपतीतून आला. आजही मोठ्या भट्टीसाठी कायद्याची भाषा तीच आहे : खासगी बाजारात वाजवी दरात मिळेल तेवढा जास्तीत जास्त विमा. २०२४पासून ती रक्कम पन्नास कोटी डॉलर आहे. त्यापुढचं नुकसान उलट्या भिशीतून भरायचं. अपघात कुठेही होवो, देशातल्या प्रत्येक मोठ्या भट्टीच्या मालकानं भट्टीमागे सुमारे सोळा कोटी डॉलरपर्यंत हप्त्याहप्त्यानं द्यायचे. थ्री माइल आयलंड या अमेरिकी अणुकेंद्रात १९७९ साली अपघात झाला तेव्हा विमेदारांनी गावात कचेरी थाटून घर सोडाव्या लागलेल्या गरोदर बायकांना आणि लहान मुलांच्या आईबापांना जागेवर चेक दिले. खटल्यांसकट एकूण खर्च सुमारे ७.१ कोटी डॉलर झाला. पहिला थरच पुरला.

पण मला भुरळ घातली आहे ती छोट्या भट्ट्यांच्या नियमानं. १० औष्णिक मेगावॅटपासून (म्हणजे विजेत नव्हे, भट्टीच्या उष्णतेत मोजलेली शक्ती) १०० मेगावॅट विजेपर्यंतच्या भट्ट्यांसाठी अमेरिकी अणुनियमावलीत एक सूत्र दिलेलं आहे. दर औष्णिक किलोवॅटला १८५ डॉलर, गुणिले 'लोकसंख्या गुणक'. गुणक काढायची रीत मात्र आठवीच्या गणिताच्या तासाला शोभेल अशी.

नकाशावर भट्टीभोवती वर्तुळ काढा. त्रिज्या किती मैल? भट्टीच्या औष्णिक मेगावॅटच्या वर्गमुळाइतकी. १०० मेगावॅटची भट्टी असेल तर दहा मैल. मेगावॅटच्या वर्गमुळातून मैल कसे निघतात, हे विचारू नका. मितींची शिस्त पाळणाऱ्याला इथे ठसका लागतो. पण वर्तुळाचं क्षेत्रफळ शक्तीच्या प्रमाणात वाढावं, एवढाच हिशेब त्यामागे दिसतो. आता वर्तुळातल्या प्रत्येक गावाची लोकसंख्या घ्या आणि भट्टीपासूनच्या अंतराच्या वर्गानं भागा. दोन मैलांवरचं चार हजार वस्तीचं खेडं : ४,००० भागिले ४, म्हणजे १,०००. दहा मैलांवरचं लाखाचं शहर : १,००,००० भागिले १००, म्हणजे तेही १,०००. विम्याच्या तराजूत खेडं आणि शहर सारख्याच वजनाचं! बेरीज २,०००. बेरीज हजारापर्यंत असेल तर गुणक १, तीन हजारांपर्यंत १.२, आणि असंच चढत नऊ हजारांपुढे २. आपल्या भट्टीचा विमा १.८५ कोटी गुणिले १.२, म्हणजे २.२२ कोटी डॉलर. गाव कुंपणाला खेटून असेल तर? अंतर एक मैलाहून कमी धरायचं नाही, असंही लिहून ठेवलंय. शून्यानं भागायची वेळ येऊ नये म्हणून घेतलेली ही काळजी वाचून मी त्या अनामिक कारकुनाला मनोमन नमस्कार केला.

अंतराच्या वर्गानं भागायचा हा वर्गव्यस्त नियम दिव्याच्या प्रकाशाला लागू पडतो, उघड्या किरणोत्सारी गोळीलाही पडतो. भट्टीच्या अपघातात मात्र धोका वाऱ्यावर जातो. फुकुशिमानंतर भट्टीपासून सुमारे चाळीस किलोमीटरवरचं वायव्येचं इताते गाव रिकामं करावं लागलं, कारण वारा तिकडे वळला आणि पावसाबर्फानं धूळ तिथे खाली उतरवली. वर्तुळाला वारा कळत नाही. शिवाय हे सूत्र ७.४ कोटींवर थांबतं आणि भट्टी १०० मेगावॅट विजेची झाली की थेट पन्नास कोटींची भिंत! त्यामुळे ९९ मेगावॅटच्या भट्टीचा आराखडा कुणाला सुचला, तर त्यामागे अभियंत्याइतकाच हिशेबनीसही असेल.

आपल्याकडे अणुअपघाताच्या भरपाईच्या २०१०च्या कायद्यात वीजभट्टीच्या मालकानं द्यायच्या भरपाईला सरसकट १,५०० कोटी रुपयांची मर्यादा होती. डिसेंबर २०२५च्या 'शांती' या नव्या अणुऊर्जा कायद्यानं तिचे टप्पे केले : ३,६०० औष्णिक मेगावॅटच्या वर ३,००० कोटी, तिथून खाली उतरत १५०पर्यंतच्या भट्टीला १०० कोटी. लहान भट्टीत किरणोत्सारी माल कमी, तेव्हा टप्पे करण्यात वावगं काही नाही. पण या कोष्टकात फक्त शक्ती आहे, वस्ती नाही. राजस्थानच्या माळावरची १४० औष्णिक मेगावॅटची भट्टी आणि एखाद्या एमआयडीसीच्या आवारातली तेवढीच भट्टी, दोघींना १०० कोटीच. छोट्या भट्ट्यांची जाहिरात तर 'कारखान्याच्या दाराशी वीज' अशीच चालली आहे. दाराशी म्हणजे किती मैल, हा रकाना त्या कोष्टकात नाही.