रातपाळी सुटली की बोलिंग ॲलीत जेवायला

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला गार्डिना म्हणून गाव आहे, तिथे गार्डिना बोल ही 1948 ची बोलिंग ॲली (लांब लाकडी पट्टीवरून, म्हणजे लेनवरून, जड बॉल घरंगळवत टोकाच्या बाटलीसारख्या पिना पाडायच्या, त्या खेळाची जागा), आणि आम्ही तिथे गेलो होतो ते फक्त जेवायला. बोलिंगचे शूज पायात घातलेच नाहीत. कॉफी शॉपच्या काउंटरला स्टुलावर बसलो, हवायन रॉयल मागवलं, म्हणजे भातात चिनी पद्धतीने कडेने लालसर भाजलेलं डुकराचं मटण, पोर्तुगीज सॉसेज, कांद्याची पात आणि अंडं, सगळं एकत्र परतलेलं. बशीतून बाहेर सांडेल एवढा ढीग. पलीकडे बॉल घरंगळत जायचा, क्षणभर सगळं गप्प, मग धडाडधूम. शेजारचे एक जपानी आजोबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "दोन राहिल्या." मी वाकून बघितलं तर खरंच दोन पिना उभ्या!

आता बोलिंग ॲलीत हॉट डॉग मिळणार, फ्राइज मिळणार हे ठीक, पण हा चिनी-हवाई-पोर्तुगीज भात कुठून आला? घरी येऊन वाचत बसलो, तर त्यामागे बराच मोठा राडा निघाला.

अमेरिकेत हा खेळ जर्मन लोकांबरोबर आला आणि दारूच्या गुत्त्यांना चिकटून वाढला. त्यावर जुगार इतका चालायचा की कनेटिकटने 1841 मध्येच नऊ पिनांच्या खेळावर बंदी घातली होती. 1895 ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन बोलिंग काँग्रेस स्थापन झाली, तिने दहा पिनांच्या खेळाचे नियम, मापं वगैरे पक्की केली. लेनच्या टोकाला खोपच्यात पोरं बसायची, बॉल आला की पाय वर घ्यायचे, मग खाली उतरून पिना परत मांडायच्या आणि बॉल परत पाठवायचा. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या अशा पोरांचे लुइस हाइन या छायाचित्रकाराने 1909 मध्ये काढलेले फोटो आहेत, मध्यरात्र उलटली तरी कामावर असलेली, झोपेने डोळे सुजलेली. (न्यू जर्सीत निम्मे आपलेच लोक राहतात, पण हे फोटो फार कोणी बघितलेले नसतात.)

पण या बोलिंग काँग्रेसच्या घटनेतच लिहिलेलं होतं की सभासदत्व फक्त गोऱ्या पुरुषांना. म्हणजे काळ्या किंवा जपानी माणसाने एखाद्या ॲलीत पैसे देऊन दोन गेम खेळणं वेगळं, पण अधिकृत लीग, स्पर्धा, बक्षीस, काही नाही. आणि जपानी लोकांची तर तेव्हा काय अवस्था होती बघा, 1942 मध्ये, जपानशी युद्ध सुरू असताना, पश्चिम किनाऱ्यावरच्या साधारण 1 लाख 20 हजार जणांना उचलून छावण्यांत टाकलेलं, सुटून परत आले तर घरं गेलेली, दुकानं गेलेली, त्यात हा भेदभाव. मग त्यांची नागरिक संघटना, काळ्यांच्या संघटना, मोटार कामगारांची युनियन असे सगळे मिळून या नियमाच्या मागे लागले. 1950 मध्ये इलिनॉयच्या कोर्टाने काँग्रेसला 2500 डॉलर दंड केला आणि त्याच वर्षी नियम गेला.

नंतर दोनच वर्षांत म्हणजे 1952 ला एएमएफ कंपनीची पिना मांडणारी मशीन बाजारात आली. पोरांची गरज संपली, ॲली रात्रभर चालवता यायला लागली, गुत्त्याचा वास गेला, एसी आले, काचेच्या भिंती, निऑन पाट्या आणि शेजारी धड कॉफी शॉप. त्याच लाटेत 1958 साली लॉस एंजेलिसमध्येच क्रेनशॉ बुलेव्हार्डवर हॉलिडे बोल उभी राहिली, जपानी-अमेरिकन लोकांनी आपापसात पैसे जमवून बांधलेली, 36 लेन. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती तिची वेळ, 24 तास उघडी! कारण आसपास विमानांचे कारखाने, तिथली रातपाळी सुटली की लोक थेट इथे यायचे, आधी लीग खेळायची, मग जेवायचं. मेन्यूवर एकाच पानावर उडोन (जपानी जाड नूडल्स), चाउमिन आणि काळ्या लोकांचे दक्षिणी पद्धतीचे ग्रिट्स (मक्याची कण्हेरीच म्हणा). कोणी ठरवून फ्यूजन वगैरे केलेलं नव्हतं, जो गिऱ्हाईक समोर बसायचा त्याचं जेवण चुलीवर चढायचं.

2000 साली ती बंद पडली. लीग हळूहळू रोडावल्या होत्या, आणि ॲलीची जागा म्हणजे अवाढव्य शेड आणि त्याहून मोठं पार्किंग, बिल्डरला ते दिसणारच. साठच्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत साधारण 12 हजार ॲली होत्या, आता त्याच्या निम्म्याही नाहीत. हॉलिडे बोलच्या लेन पाडल्या, लोकांनी भांडून फक्त कॉफी शॉपचा दर्शनी भाग वाचवला. नंतर आत स्टारबक्स आलं.

रातपाळीचं वाचलं आणि मला आमचं गिरणगाव आठवलं. माझा काका लोअर परळच्या एका गिरणीत होता, पाळी सुटली की खानावळीत जेवायचा, महिन्याचा हिशेब, एका बाईच्या दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा जण पाळीपाळीने बसायचे. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत, काका त्यातलाच. खानावळीही त्याच्या मागोमाग आटल्या. आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी 1905 सालच्या फिनिक्स मिलच्या आवारात चक्क बोलिंग ॲली आली. परवानगी कामगारांच्या करमणूक केंद्राच्या नावाने घेतली असा कामगार संघटनांचा आरोप होता, तेव्हा पेपरात बरंच गाजलं होतं ते.

कॉलेजात असताना मित्रांबरोबर मी तिथे एकदा गेलो. भाड्याचे ओलसर शूज, तीनदा बॉल लेनच्या कडेच्या गटारात, आणि खायला प्लेटभर नाचोज. घरी आल्यावर काकाने विचारलं कुठे होतास, म्हटलं बोलिंग.

"स्पिन का फास्ट?"

मग समजावून सांगितलं, फिनिक्समध्ये, असं असं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "खायला काय असतं तिथं?"

"नाचोज. मक्याचे पापड असतात, वर चीज."

"मग पापड म्हण की सरळ. केवढ्याला?"

मी निम्मा भाव सांगितला.