मत्स्यटाकीचा फिल्टर (घरगुती)

घरातील काचेच्या टाकीचे पाणी सतत फिरते ठेवून त्यातील गाळ आणि माशांनी सोडलेली विषारी द्रव्ये दूर करणारे साधन. ठाणे व नवी मुंबईतील फ्लॅटांत साधारणपणे ‘दोन फुटी’ टाकी परवडते. ६० × ३० × ३० सेंमी. मापाच्या या टाकीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. खडी घालून वर थोडी जागा सोडली की प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास राहते. इतक्या थोड्या पाण्यात एखादा मासा मरून कोपऱ्यात राहिला तरी बाकीच्यांच्या जिवावर बेतते.

जैविक गाळण : स्पंजात अडकलेला काळपट गाळ डोळ्यांना दिसतो, म्हणून फिल्टरचे काम गाळण्याचेच, असा समज होतो. खरे काम जीवाणू करतात. मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य कुजूनही तोच तयार होतो. स्पंज, सिरॅमिक रिंगा व खडी यांच्यावर वाढलेले जीवाणू प्राणवायू वापरून अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिली दोन द्रव्ये थोडीही घातक. नायट्रेट त्या मानाने सौम्य आणि पाणी बदलून कमी होणारे. दुसऱ्या टप्प्याचे श्रेय दीर्घकाळ नायट्रोबॅक्टरला दिले जाई. संशोधक टिमथी होव्हानेक व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम नायट्रोस्पायरासारखे जीवाणू करतात असे दाखवले. पुढे २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायराही सापडले. हे जीवाणू पृष्ठभागांना चिकटून राहतात, पाण्यात फारसे नसतात. त्यामुळे थोडे पाणी बदलल्याने ते जात नाहीत. स्पंज नळाखाली धरल्याने मात्र जातात, कारण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो.

उभारणी : नव्या फिल्टरवर जीवाणूंची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. दुकानातून टाकी आणि मासे एकाच फेरीत घरी आणणाऱ्यांचे मासे पहिल्या पंधरवड्यात मरतात, त्याचे नेहमीचे कारण हेच. ओळखीतल्या निरोगी जुन्या टाकीतला स्पंज नव्या फिल्टरात ठेवला तर तो विरजणाचे काम करतो आणि ही मुदत बरीच घटते. मासे थोडे-थोडे वाढवावेत आणि थेंबांच्या चाचणी संचावर अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत खाद्याचा हात आखडता ठेवावा.

एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर सर्वांत स्वस्त. फायटर (बेटा मासा) आणि पिल्लांच्या टाकीला त्याच्याइतका योग्य दुसरा नाही. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा किंवा नळीत नॉन-रिटर्न (एकाच दिशेने वाहू देणारा) व्हॉल्व्ह बसवावा, नाहीतर वीज जाताच पाणी उलटे पंपात शिरते. टॉप फिल्टर अनेकदा टाकीच्या झाकणाबरोबरच येतो. त्याची वात, म्हणजे पांढरा कापसासारखा थर, तुंबली की पाणी तिला बगल देऊन तसेच टाकीत पडते. मोटर चालू दिसते, गाळण बंद असते. काठावर अडकवायचा हँग-ऑन मधल्या टाक्यांना पुरतो, तर कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डबा, तीन फुटांपुढे शोभतो. खडीखाली जाळी बसवायचा अंडरग्रॅव्हल आता मागे पडला आहे. पंपाने तासाला टाकीच्या चार ते सहापट पाणी फिरवावे असा ढोबळ नियम आहे. मात्र खोक्यावरचा आकडा बहुधा मोकळ्या पंपाचा असतो, आत स्पंज-रिंगा भरल्यावर प्रवाह घटतो. प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबती सोडून मग वर न्यावी, म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत पोचत नाही.

स्थानिक पाणी : ठाणे महापालिका भातसा व उल्हास नद्यांचे पाणी घेते, नवी मुंबई महापालिकेचा मुख्य आधार खालापूर तालुक्यातील मोरबे धरण. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर पडून साठलेले हे पावसाचे पाणी मृदू असते. शौकिनांना ते आवडते, पण त्याची एक खोड आहे. जीवाणूंच्या क्रियेतून आम्ल तयार होते आणि अमोनियाच्या रूपातील दर मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता (आम्ल झेलण्याची पाण्याची ताकद, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) खर्च होते. मृदू पाण्यात ही शिल्लक मुळातच थोडी. महिनोन्‌महिने नुसती पाण्याची भर घातली, बदल केला नाही, तर सामू (पीएच) घसरत जातो, जीवाणू मंदावतात आणि साठलेला अमोनिया आम्लधर्मी पाण्यात कमी घातक अशा अमोनियमच्या रूपात दडून राहतो. मग एका रविवारी उत्साहाने अर्धी टाकी बदलली जाते. सामू एकदम चढतो, अमोनियमचा पुन्हा विषारी अमोनिया होतो आणि संध्याकाळपर्यंत मासे उलटे. दोष पालिकेच्या क्लोरीनला दिला जातो. तोही कधीकधी कारण असतो, पण अँटी-क्लोरीनचे थेंब टाकूनही मासे गेले असतील तर टाकीचा सामू पाहावा. दर आठवड्याला पाचवा ते चौथा हिस्सा पाणी बदलणे आणि फिल्टरात क्षारता भरून काढणारी प्रवाळाच्या किंवा शिंपल्यांच्या चुऱ्याची छोटी पुरचुंडी ठेवणे एवढ्याने हा प्रसंग टळतो. ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्यात टँकरचे पाणी बोअरचे निघाले तर गणित उलटते. असे पाणी जड असू शकते, त्यात पुन्हा चुरा घालू नये. एकाच इमारतीत आज नळाचे आणि उद्या टँकरचे पाणी येत असेल तर बदल आणखी लहान ठेवणे शहाणपणाचे. पावसाळ्यात पाणी गढूळ आल्यास वात लवकर भरते.

देखभाल : स्पंज आणि रिंगा टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच हलवून धुवाव्यात, आणि दोन्ही एकाच दिवशी नव्हे. साबण कधीही नको. मोटर घरघरू लागली तर इम्पेलरच्या (मोटरमधील फिरत्या पात्यांच्या) चुंबकावरचा बुळबुळीत थर जुन्या टूथब्रशने काढावा. उन्हाळ्यात पाणी २० अंशांवरून ३० अंशांवर गेले की त्यात मावणारा प्राणवायू लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅमवरून ७.५ वर येतो. मे महिन्यात पाण्याचा पृष्ठभाग ढवळता ठेवावा लागतो तो यासाठी.

गणपतीला कोकणात जाताना घराचा मेन स्विच बंद करण्याची सवय इथे टाकीच्या मुळावर येते. प्रवाह थांबला की बंद डब्यातला प्राणवायू काही तासांत संपतो आणि जीवाणू मरू लागतात. परतल्यावर तसाच चालू केलेला कॅनिस्टर आतले सडके पाणी टाकीत ओततो. तो आधी उघडून रिकामा करावा. टाकीचा सॉकेट वेगळ्या एमसीबीवर घेणे हे इलेक्ट्रिशियनचे थोडक्यात आटोपणारे काम आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी फिल्टर धुऊ नये आणि शेजाऱ्यांना डबाभर खाद्य देऊन जाऊ नये. धडधाकट मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात.

‘सकर’ मासा टाकी साफ ठेवतो म्हणून फिल्टरऐवजी तो आणला जातो. तो शेवाळ खातो हे खरे, पण भरपूर विष्ठा टाकतो आणि दोन फुटी टाकीत मावेनासा होतो. अशा वेळी तो ठाण्यातील मासुंदा तलावात किंवा इतर कोणत्याही तळ्यात सोडू नये, दुकानदाराकडे परत द्यावा. आजारी माशांसाठी मिथिलीन ब्ल्यू वापरायचे झाल्यास वेगळ्या भांड्यात वापरावे, कारण ते फिल्टरातील जीवाणूंनाही मारते. मुख्य टाकीत औषध घालावेच लागले, तर फिल्टरात ॲक्टिव्हेटेड कार्बन (शोषक कोळसा) असल्यास तो आधी काढून ठेवावा आणि उपचार संपल्यावर नवा घालावा. कार्बन औषध शोषून घेतो.