सुवार्ताकार्यात देवाच्या कृतीची चिन्हे ओळखणे

मंडळीच्या (ख्रिस्ती उपासकसमुदायाच्या) सुवार्ताप्रसारातून, म्हणजे येशूचा शुभसंदेश सांगण्यातून, जे घडते आहे ते माणसांच्या खटपटीचे फळ की देवाचे काम, हे पारखण्याची ख्रिस्ती परंपरेतील रीत. सभेला गर्दी लोटली, लोक रडू लागले, बाप्तिस्मे झाले, की पाळक आणि वडीलजन ‘देव कार्य करीत आहे’ असे सांगू लागतात. तसे म्हणायला आधार कोणता, हा वाद मंडळीइतकाच जुना आहे. संजीवनाच्या, म्हणजे मरगळलेल्या मंडळीत एकाएकी जागृती येण्याच्या काळात, तो हटकून उफाळतो.

नव्या करारात यासाठी एकच एक नियम सापडत नाही. प्रेषितांना मारून टाकण्याची भाषा यहूद्यांच्या न्यायसभेत सुरू होते तेव्हा गमलियेल हा परूशी पंथाचा शास्त्री थुदास आणि गालीली यहूदा यांच्या फसलेल्या बंडांची आठवण देतो आणि म्हणतो, हे काम माणसांचे असेल तर आपोआप मोडेल, देवाचे असेल तर तुमच्याने मोडवणार नाही (प्रेषितांची कृत्ये ५). सल्ला शहाणपणाचा आहे, पण कसोटी म्हणून लंगडा. शतकानुशतके टिकलेले प्रत्येक मत देवाचेच, असे कोणतीच मंडळी मान्य करणार नाही. अंत्युखियात यहूदी नसलेल्यांनाही सुवार्ता सांगितली गेली, तेव्हा यरुशलेमेतून बर्णबा चौकशीला आला आणि ‘देवाची कृपा पाहून’ आनंदला (कृत्ये ११). त्याने नेमके काय पाहिले ते लेखक सांगत नाही. मात्र त्याच अध्यायाच्या शेवटी हीच नवी मंडळी दुष्काळाच्या तोंडावर यहूदीयातील बांधवांसाठी मदत गोळा करून पाठवते. प्रेषित पौल थेस्सलनीका येथील मंडळीविषयी अशीच साक्ष देतो : मूर्ती सोडून देवाकडे वळणे, छळातही आनंद न गमावणे. इफिसात आपल्यासाठी मोठे दार उघडले आहे, असे लिहिताना त्याच वाक्यात तो विरोधक पुष्कळ असल्याचेही नोंदवतो (१ करिंथ १६). तेव्हा विरोध झाला म्हणून देव नाही, असे म्हणता येत नाही. विरोध झाला म्हणजे देव आहेच, असे म्हणण्याचा मोह मात्र अनेक प्रचारकांना आवरत नाही.

या विषयाची सर्वांत काटेकोर मांडणी अमेरिकेतील पाळक जोनाथन एडवर्ड्‌स (१७०३–५८) यांची. मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन येथे त्यांच्या मंडळीत १७३४-३५ मध्ये मोठी जागृती झाली. ती ऐन भरात असताना त्यांच्याच एका नातलगाने निराशेच्या झटक्यात आत्महत्या केली आणि लाट ओसरली. पुढे वसाहतभर संजीवन पसरले, माणसे किंचाळू लागली, मूर्च्छित पडू लागली. बॉस्टनचे पाळक चार्ल्स चॉन्सी यांच्यासारख्यांना त्यात निव्वळ उन्माद दिसला. सप्टेंबर १७४१ मध्ये येल येथील भाषणात एडवर्ड्‌स यांनी दोन्ही बाजूंना अडवले. किंकाळ्या, थरथर, गाजावाजा, काहींचे अविवेकी वर्तन अशा नऊ गोष्टी त्यांनी मोजून दाखवल्या : यांवरून ते देवाचे काम आहे असेही ठरत नाही आणि नाही असेही ठरत नाही. मग योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायाच्या आधारे त्यांनी पाच खुणा दिल्या : येशूविषयीचा आदर वाढणे, पापाची सत्ता खिळखिळी होणे, पवित्र शास्त्राची ओढ, सत्याकडे वळणे आणि देवावर व माणसांवर प्रीती. या पाचांतील एकही खूण सभेच्या रात्री तपासता येत नाही, हे त्यांच्या मांडणीचे बळ आहे आणि अडचणही.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण केडगावच्या मुक्ती मिशनचे. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून सोडवून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवा तेथे राहत. वेल्समधील संजीवनाच्या बातम्या येत असताना, १९०५ च्या आरंभी, रमाबाईंनी रोजच्या खास प्रार्थनेसाठी स्त्रियांना पुढे येण्यास सांगितले. जूनपर्यंत ही संख्या सुमारे साडेपाचशेवर गेली. महिनाअखेरीस एका पहाटे एका मुलीच्या अंगावर आग दिसली म्हणून सोबतीण पाण्याची बादली आणायला धावली, अशी आठवण तेथे सांगितली जाई. पुढचे आठवडे वर्ग बंद पडण्याइतके गेले : मोठमोठ्याने रडणे, पापांची कबुली, शेकडो जणींची एकाच वेळी उच्च स्वरात प्रार्थना, पुढे अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषांत, बोलणे.

पाहुण्या मिशनऱ्यांपैकी काहींना हा गोंगाट खुपला. येथे पारख करणारे बहुतेक परदेशी होते आणि जिची पारख होत होती ती दुष्काळातून वाचलेली, बहुतेकदा निरक्षर मुलगी. एडवर्ड्‌स यांच्यासमोर हा पेच आला नव्हता. रमाबाईंनी बाजू घेतली ती मुलींची. भारतीय स्त्रिया भारतीय पद्धतीने व्यक्त होतील, पाश्चात्त्य उपासनेची शिस्त त्यांच्यावर लादू नये, असे त्यांचे म्हणणे होते. अन्य भाषांचे दान त्यांनी नाकारले नाही. तरी पवित्र आत्मा मिळाल्याचा तोच एकमेव पुरावा, असा आग्रहही मुक्तीत धरला गेला नाही. बदललेले आचरण आणि सेवेची ओढ यांवर भर राहिला. मुलींच्या टोळ्या पाळीपाळीने आसपासच्या गावी सुवार्ता सांगायला जाऊ लागल्या, आणि इतिहासाच्या दृष्टीने हेच या संजीवनाचे सर्वांत ठोस फलित म्हणावे लागेल. मुक्तीतील सहकारी मिनी एब्रम्स यांची या अनुभवावरील पुस्तिका चिलीला पोचली आणि तेथील मेथडिस्ट मंडळीत १९०९ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अशा अनुभवांवर भर देणाऱ्या) चळवळीला तिने चालना दिली.

विसाव्या शतकात प्रश्नाने आकड्यांचे रूप घेतले. भारतात जातीच्या जाती, गावेच्या गावे बाप्तिस्मा घेत होती. हे आत्म्याचे काम की भाकरीचे आणि प्रतिष्ठेचे? मिशनरी जे. वॉस्कम पिकेट यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत नवख्रिस्ती लोकांनाच त्यांचे हेतू विचारले. हेतू ऐहिक असले तरी पुढच्या धर्माचरणात फारसा फरक पडत नाही, बाप्तिस्म्यानंतर मिळणाऱ्या शिकवणीने आणि देखरेखीने मात्र पडतो, असे त्यांना आढळले. मध्य प्रांतात काम केलेले मिशनरी डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी याच धाग्यावरून मंडळीवाढीचा सिद्धांत उभा केला. त्यांच्या अनुयायांत सभासदसंख्या हीच खूण होऊन बसली, अशी टीका ख्रिस्ती विचारवंतांनीही केली.

मंडळीबाहेर त्याच आकड्यांचे वाचन निराळे होते. तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने निवृत्त न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९५६ च्या अहवालात धर्मांतरांच्या मुळाशी परकीय पैसा, शाळा आणि दवाखाने असल्याचा निष्कर्ष काढला. मिशन संस्थांनी तो एकांगी ठरवला.

कवी ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांची वाट आणखी वेगळी होती. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. त्यामुळे मिशनच्या वार्षिक अहवालातल्या बाप्तिस्म्यांच्या रकान्यात त्यांतील अनेकांची गणती होण्याचा प्रश्नच नव्हता.