पेटी कशात येती? वाद्यांची चार कुळं आणि सा रे ग म ची नावं आली कुठनं

गेल्या महिन्यात भाची संगीताच्या प्रवेशिका परीक्षेच्या तोंडीची तयारी करत बसली होती, वही मांडीवर, आणि मधेच विचारलं, "मामा, पेटी कशात येती?" पेटी म्हणजे हार्मोनियम. तुला काय वाटतं म्हटल्यावर बराच विचार करून ती म्हणाली "घन", कारण पेटी म्हणजे लाकडाचा ठोकळाच की, आणि वरनं आपण बोटं दाबतोय. त्यात शाळेच्या पुस्तकात स्ट्रिंग, वुडविंड, ब्रास, पर्कशन असे चार गट आणि क्लासच्या वहीत तत, सुषिर, अवनद्ध, घन असे चार, दोन्हीकडं चारच असल्यामुळं तिनं एकास एक जोड्या लावून टाकलेल्या. पोरीची चूक नाही. ही नावं पाठ करायला देतात, पण ती आली कुठनं आणि कुणाला कशासाठी लागली हे कोण सांगत नाही, म्हणून एकदा सगळं बसून लिहितोय.

भरतमुनींचं नाट्यशास्त्र, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं, ढोबळ काळ इ.स.पू. २०० ते इ.स. २०० असा धरतात. त्यात वाद्यांची वाटणी या चार शब्दांत केलीय. तत म्हणजे ताणलेलं, तिथं तार बोलते. अवनद्ध म्हणजे मढवलेलं, तिथं कातडं बोलतं. घन म्हणजे भरीव, वाद्याचं अंगच वाजतं. सुषिर म्हणजे पोकळ, तिथं हवा. नीट बघितलं तर यात वाद्य लाकडाचं की पितळेचं हे विचारलेलंच नाही, वाजताना थरथरतंय काय एवढंच विचारलंय. मला हे फार मोठं वाटतं, कारण एवढा एकच प्रश्न धरला की जगातलं कुठलंही वाद्य समोर आणून ठेवा, त्याची जागा सापडते.

आपल्या कोल्हापुरात हे चारी प्रकार बघायला वेगळं कुठं जायला लागत नाही. शाहिराच्या मागं तुणतुणं असतं, त्याच्या हातात डफ, भजनात टाळ-झांज, आणि पालखीपुढं सनई नाहीतर तुतारी. आणि हलगी तर आहेच. खासबागेत कुस्त्या सुरू व्हायच्या आधी हलगीवाले कडेला कागद-पाचोळा पेटवून त्याच्या धगीवर हलगी धरतात, सावकाश फिरवत राहतात, मधेच बोटानं टिचकी मारून कान लावतात, परत धरतात. पहिल्यांदा नुसता थप्प आवाज येतो, मग कातड्यातली ओल गेली, ताण बसला की तीच हलगी कडाडायला लागते. स्वर उंच होणं म्हणजे काय हे नवीन पोरांना पुस्तकातनं सांगण्यापेक्षा हे दाखवावं, कारण ताण वाढला की थरथर जलद होते आणि थरथर जलद झाली की स्वर चढतो, सितारीची खुंटी पिळल्यावर पण हेच होतं.

घन वाद्यांबद्दल एक सांगायचं राहील म्हणून आत्ताच सांगतो. भरताच्या काळी घन म्हणजे मुख्यतः काशाचे टाळच, आणि त्यांचं काम ताल मोजायचं, गाण्याला हिशेबात ठेवायचं. आपल्या वारकऱ्याच्या हातातला टाळ आजपण हेच काम करतोय, आणि टाळ आणि ताल हे शब्द पण एकमेकांचे सख्खेच.

आता हे चार गट युरोपात कसे गेले ते ऐका, मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो. कलकत्त्याचे राजा सौरींद्रमोहन टागोर संगीताचे मोठे अभ्यासक, त्यांनी १८७६ च्या सुमारास शंभराच्या आसपास भारतीय वाद्यं बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याला भेट पाठवली. ती ब्रुसेल्सच्या संगीत विद्यालयात ठेवली, त्यातनं १८७७ ला तिथलं वाद्यसंग्रहालय उभं राहिलं, आणि त्याचा पहिला क्युरेटर झाला व्हिक्टर माहियाँ. त्याच्यापुढं अडचण अशी की युरोपात तेव्हा वाद्यांचे गट करायचे ते तिथल्या वाद्यवृंदापुरते, आणि समोर जगभरातली वाद्यं येऊन पडलेली, ती त्यात काय बसेनात. १८८० ला त्याची यादी छापायला लागली, त्यात त्यानं चारच वर्ग केले, अंगानं वाजणारी, कातड्याची, हवेची आणि तारांची. घन, अवनद्ध, सुषिर, तत. जुळणी इतकी सरळ आहे की अभ्यासक हा धागा भारतापर्यंत आणून सोडतात. पुढं १९१४ ला बर्लिनमध्ये एरिक फॉन हॉर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स या दोघांनी तीच वाटणी वाढवली, प्रत्येक पोटप्रकाराला आकडे दिले, लायब्ररीत पुस्तकांना देतात तसे, आणि आज जगातली बरीच वाद्यसंग्रहालयं त्यावरच चालतात. म्हणजे भाचीच्या क्लासच्या वहीतले ते चार शब्द जुने-पुराणे म्हणून बाजूला टाकायचे नाहीत, उलट आजच्या शास्त्राच्या जास्त जवळचे तेच आहेत.

शाळेच्या पुस्तकातली वाटणी चुकीची नाही, ती ऑर्केस्ट्रात कोण कुठं बसतो त्यावरनं आलीय. म्हणून तर सॅक्सोफोन अख्खा पितळेचा असून वुडविंडमध्ये जातो, कारण त्यात क्लॅरिनेटसारखी पत्ती आहे, आणि ब्रास म्हणजे ज्यात वाजवणाऱ्याचे ओठ थरथरतात ते. या हिशेबानं आपली तुतारी ब्रासमध्ये गेली असती आणि सनई वुडविंडमध्ये. भरताच्या वाटणीत दोन्ही सुषिर. पर्कशनमध्ये तर कातडं आणि धातू एकाच पोत्यात भरलेत.

तर पेटी. मी त्या दिवशी वरची फळी काढून आतलं दाखवलं तिला. प्रत्येक पट्टीच्या खाली पितळेची एक बारीक जीभ, एका टोकाला रिबिट मारून बसवलेली, दुसरं टोक मोकळं, खाली तिच्याच मापाची फट. भाता मारला, पट्टी दाबली, की हवा त्या फटीतनं घुसते आणि जीभ फडफडते. पट्टीवर नुसतं बोट आपटून काहीच होत नाही, भाता सोडून दाबून बघ म्हटलं, तिनं दाबली, आवाज नाही. मग स्वतःच म्हणाली, सुषिर.

पेटी काय आपली जुनी नाही. पॅरिसच्या अलेक्झांडर देबेंनं १८४२ ला हार्मोनियमचं पेटंट घेतलं, ते पायानं भाता मारायचं, टेबलाएवढं. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ ला हातानं भाता मारायची केली, आणि मांडी घालून बसणाऱ्या गवयाच्या शेजारी ती आली ती कायमची. नाटक कंपन्यांनी तर तिला डोक्यावर घेतली, आणि आपल्या जवळच्या सांगवड्याचे गोविंदराव टेंबे, जन्म १८८१, यांनी ती कुठल्या कुठं नेली. पण तिच्यावर मोठा राग पण होता, तो इतका की आकाशवाणीनं १९४० पासनं १९७१ पर्यंत पेटी वाजवूच दिली नाही. कारणं खोटी नव्हती, एका स्वरावरनं दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही त्यामुळं मींड नाही, आणि बाराही पट्ट्या समान अंतरावर लावलेल्या, त्यामुळं काही स्वर जागचे हलतात. हे कानानं बघायचं असेल तर चांगल्या मिरजेच्या तंबोऱ्याजवळ बसा (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ ला जीआय, म्हणजे त्या गावची खासियत असल्याचा सरकारी शिक्का, मिळालं, शिकलगार घराण्यांनी हत्यारं सोडून हे काम उचललं त्याला दीडशे वर्षं होऊन गेली). घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा झणकार, लागली की शेवटच्या खर्जाच्या तारेतनं एक गंधार, म्हणजे ग, आपोआप ऐकायला येतो, कुणी न लावलेला, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आता पेटीचा गंधार त्याच्याशेजारी धरा, तो किंचित चढा लागतो. एकदा तो फरक कळला की श्रुती या शब्दाची भीती जाते.

श्रुती म्हणजे कानाला वेगळा ओळखू येईल असा बारीक नाद. भरतानं सप्तकात २२ श्रुती सांगितल्या आणि सात स्वरांना वाटून दिल्या, सा ला ४, रे ३, ग २, म ४, प ४, ध ३, नी २. सा म्हणजे षड्ज, पुढं ऋषभ, गांधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद, पहिलं अक्षर उचलून सरगम झालं (इटलीत अकराव्या शतकात ग्वीदो नावाच्या धर्मगुरूनं पण एका स्तोत्राच्या ओळींची पहिली अक्षरं उचलूनच उत रे मी फा केलं, उत चं नंतर डो झालं, लहान पोरांना शिकवायची निकड दोन्हीकडं सारखीच). आता इथं एक मोठी गोम आहे. समजा प्रत्येक स्वराला चार-तीन-दोन खोल्यांचं घर दिलं, तर स्वर बसायचा कुठं, पहिल्या खोलीत का शेवटच्या? भरत म्हणतो शेवटच्या खोलीत. मग सा पासनं रे ३ वर पडतो, रे पासनं ग नुसता २ वर, म्हणजे आपण आज ज्याला कोमल गंधार म्हणतो तोच त्यांचा शुद्ध, आणि सगळं सप्तक साधारण आजच्या काफी रागासारखं होतं. अलीकडच्या काळात विष्णु नारायण भातखंड्यांनी स्वर पहिल्या खोलीत बसवला, अंतरं झाली ४, ३, २, ४, ४, ३, २ आणि शुद्ध सप्तक म्हणजे बिलावल. शुद्ध हा शब्द तोच राहिला पण त्यातले स्वर बदलले. जुना ग्रंथ उघडून गोंधळून जाणारे बरेच जण इथंच अडकतात. आपल्या भागात यावर जीव तोडून काम झालंय, सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० ला २२ श्रुतींवर पुस्तक काढलं, आणि मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब पण त्या प्रयोगांत होते.

भरत आणि भातखंडे यांच्या मधे शार्ङ्गदेव येतात, तेराव्या शतकातले, देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारात हिशेबाचे मुख्य अधिकारी. हाच सिंघण ज्यानं १२१२ च्या सुमारास पन्हाळ्याच्या दुसऱ्या भोज शिलाहाराला हरवून आपला मुलूख यादवांकडं नेला. त्याच्या हिशेबनीसानं संगीतरत्नाकर लिहिला, स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य, नृत्य अशी सात प्रकरणं, आणि गाणं-वाजवणं-नाचणं तिन्ही मिळून संगीत ही परीक्षेत हमखास विचारतात ती व्याख्या तिथलीच. नादाचे आहत आणि अनाहत असे दोन प्रकार पण तिथं आहेत, आघातानं होणारा आणि आघाताशिवायचा. आपल्याकडं "नाद खुळा" म्हणतात तो नाद पण हाच, एकदा कानात बसला की माणूस त्याच्यामागं लागतो.

थाट हा शब्द मात्र ग्रंथातनं आलेला नाही, तो सतारवाल्यांचा. एखाद्या रागासाठी पडदे सरकवून जी मांडणी करायची तिला थाट म्हणायचे, भातखंड्यांनी तो उचलला आणि बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी अशा दहा थाटांत राग लावले. माणूस पेशानं वकील, गावोगाव हिंडून उस्तादांकडनं चिजा, म्हणजे बंदिशी, गोळा केल्या, आणि विशेष म्हणजे हिंदुस्तानी संगीत पद्धती हा मूळ ग्रंथ मराठीत लिहिला, पहिला भाग १९१० ला. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर, ही चिन्हं त्यांचीच. सगळे राग या दहात नीट बसत नाहीत हे खरंय, तरी सुरुवात करणाऱ्याला दहा कप्पे असलेले बरे असं माझं मत.

दुसरे विष्णु दिगंबर पलुसकर, ते तर आपले कुरुंदवाडचे, जन्म १८७२, लहानपणी फटाक्यानं डोळे गेले. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिकले, ज्यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. १९०१ ला पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं घराण्याच्या उंबऱ्याबाहेर, फी भरून कुणालाही शिकता येईल अशा वर्गात आणलं. १९३१ ला ते गेले, त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ काढलं, आणि भाचीची प्रवेशिका त्याच मंडळाची. वर्गात शिकवायचं तर व्याख्या लागतात, व्याख्या आल्या की तोंडी परीक्षा आलीच. त्याच काळात कोल्हापुरात एकीकडं १८८३ चा देवल क्लब ही संगीतसंस्था आणि दुसरीकडं शाहू महाराजांच्या आश्रयाला आलेले गवई अल्लादिया खाँसाहेब, जिथं शिकणं समोर बसून, गुरूचं ऐकून आणि वर्षानुवर्षं. दोन्ही रस्ते एकाच जिल्ह्यात चालू होते.

तालाचं थोडक्यात. मात्रा म्हणजे मोजायचं एकक, आवर्तन म्हणजे एक फेरा, सम म्हणजे जिथं फेरा सुरू होतो ती जागा. त्रितालात १६ मात्रा, पहिलीवर सम, नवव्यावर काल, तिथं टाळीऐवजी हात मोकळा सोडायचा आणि पुढच्या मात्रेपासनं तबल्यावर डग्ग्याचा घुमारा थांबतो, म्हणून डोळे मिटून पण काल ओळखू येतो. तबल्याच्या त्या काळ्या शाईमुळं कातड्यातनं तारेसारखे सुरेल उपस्वर निघतात हे सी. व्ही. रामन यांनी १९२० ला दाखवून दिलं. हलगीला शाई नाही, म्हणून ती कडाडते पण सुरात लावता येत नाही.

सगळं सांगून झाल्यावर भाचीनं गणपतीतला बेंजो विचारला. बेंजो पार्टीत वाजतो तो बेंजो म्हणजे बुलबुल तरंगच, आणि त्याचं मूळ जपानच्या नागोया शहरातलं, १९१२ चं ताइशोगोतो नावाचं वाद्य, टाइपरायटरसारखी बटणं दाबून तारा छेडायचं. पिकअप लावून स्पीकरवर सोडला तरी थरथरते तारच, म्हणून तत. त्याच टेम्पोत ऑक्टोपॅड असतो, त्यात ना कातडं ना तार ना हवा, काठी पडते रबरावर आणि आवाज येतो सर्किटमधनं. असल्या वाद्यांसाठी फ्रान्सिस गाल्पिन नावाच्या इंग्रज अभ्यासकानं १९३७ ला पाचवा वर्ग सुचवला, विजेवर चालणाऱ्या वाद्यांचा. भाचीनं वहीत चार नावांच्या खाली पाचवा आकडा घातला, आणि पुढं संस्कृत शब्द काय लिहू म्हणून माझ्याकडं बघत बसली. मी म्हटलं जागा मोकळी ठेव.